रुळांकडची खिडकी

"ही खिडकी कुठली रे?" ताईनं विचारलं आणि त्याच्या हातातला चिमटा तसाच अधांतरी राहिला. चिमट्यात काडीएवढी एक पट्टी होती, फलाटावरच्या छपराच्या कडेला लावायची. ताईचं बोट टेबलावरच्या छोट्या लाकडी स्टेशनच्या भिंतीवर टेकलेलं होतं. नजर मधोमध विझत चालल्यापासून ती सगळं असंच बघायची, बोटांनी. दाराची कडी, चहाचा कप, भावजयीच्या नव्या पडद्याचं कापड, सगळ्यावरून तिची बोटं एकदा फिरून यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेकडेचं दिसत राहील, समोरचं नाही. "म्हणजे आता मला लोकांची नुसती कानशिलंच दिसणार. काही बिघडत नाही, तोंडं बघून पुरे झाली," असं म्हणून ती गेल्या थंडीत एक पेटी घेऊन भावाकडे कायमची राहायला आली होती. घरातली एकेक वस्तू चाचपून झाल्यावर आज तिनं आपला मोर्चा या टेबलाकडे वळवला होता.

"कुठली म्हणजे? आपलीच," तो म्हणाला. "आपल्या घराची. रुळांकडची."

"रुळांकडे खिडकी नव्हती." ताईनं बोट उचललं, पुन्हा टेकवलं. खिडकी भिंतीतून जरा पुढे आलेली होती, तीन तावदानांची, आणि त्या तिन्ही तावदानांवरून बोट सावकाश फिरलं. "रुळांकडे सलग भिंत होती, धूर आत येतो म्हणून. बाबांच्या ऑफिसला तेवढं तिकिटाचं भोक होतं. आपली खिडकी मागे होती, पाण्याच्या टाकीकडे. बाकी छान जमलंय हो, चिमण्या." एवढं बोलून ती भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघराकडे चहाच्या वासानं निघून गेली. चिमण्या म्हणजे हा, सहा फुटांचा, डोक्यावर टक्कल पडलेला, दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारा. ताईच्या लेखी तो वाढलाच नव्हता.

त्यानं पट्टी खाली ठेवली. मग उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. टेबलावर गोंदाची बाटली उघडी होती, कपडे वाळत घालायचे चिमटे दोन भिंतींचा कोपरा दाबून धरून बसले होते, दिव्याच्या उजेडात लाकडाचा भुसा तरंगत होता. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी खोलीत कुणीतरी काहीतरी हलवून गेल्यासारखं झालं होतं. ताई विसरली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पण ताई विसरत नसे. ताईला त्याच्या पहिलीतल्या दप्तराचा रंग आठवत होता, त्याला कुठल्या औषधानं उलटी व्हायची ते आठवत होतं. आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती आणि तो चार, आणि त्यानंतर दोघांच्या वाटचं आठवण्याचं काम ताईनंच केलेलं होतं. एक आठवण सोडून. ती एक त्याची स्वतःची होती. ती ताईनं दिलेली नव्हती.

ती अशी होती. दुपार. तो स्टुलावर उभा, मधल्या तावदानाला नाक लावून. खाली फलाट, फलाटावर गाडी. आई निळी शाल घेऊन डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवते, थांबते, मागे वळून बरोबर या खिडकीकडे बघते आणि हात वर करते. बस, संपलं. मोठ्या शहरातल्या इस्पितळातून ती परत आलीच नाही. तिचा चेहरा त्याला आठवत नव्हता, तो फोटोतला होता आणि फोटो काय, सगळ्यांचाच असतो. पण तो हात त्याचा होता, फक्त त्याच्यासाठी वर केलेला. त्या एका हातावर त्यानं एवढं आयुष्य काढलं होतं. नोकरीतल्या परीक्षेत नापास झाला तेव्हा, मुलगी परदेशी गेली तेव्हा, रात्री झोप येईना तेव्हा तो डोळे मिटून स्टुलावर चढायचा. मोठेपणी हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. बायकोला सांगितलं असतं तर ती हसली नसती, हे त्याला ठाऊक होतं, पण तिच्याकडे थट्टेचे दोन विषय आधीच होते. एक म्हणजे हे टेबल. नवरा संध्याकाळी कामावरून आला की तडक इथे येऊन बसतो म्हणून ती टेबलाला 'यांचं माहेर' म्हणायची. कुणी भेटायला आलं तर आतूनच सांगायची, "बसा, ते माहेरी गेलेत." आणि दुसरा विषय उशी. हा बाबा झोपेत उशीचा कोपरा मुठीत धरतो, असा घट्ट की सकाळी बोटं सोडवावी लागतात. घरातल्या सगळ्या अभ्र्यांमध्ये त्याचा अभ्रा एका कोपऱ्याला आधी विरतो. नव्या नवरीला वाटलं होतं, माणूस तापट आहे, स्वप्नात भांडत असेल.

टेबलावरची दुनिया खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान होती. दुकानातून आणलेल्या खोक्यात लाकडाचे पातळ तक्ते यायचे, त्यांवर फळ्यांच्या रेघा आधीच कोरलेल्या, दारं-खिडक्यांच्या चौकटी कडेनं कापून ठेवलेल्या, नुसतं पातं फिरवलं की सुटून हातात येणाऱ्या. लोकांना वाटतं चिकटवणं हेच काम. चिकटवणं शेवटी येतं. आधी शाई स्पिरिटमध्ये पातळ करून लाकडाला म्हातारं करायचं, तेही दोन्ही बाजूंनी, कारण एकच बाजू ओली झाली तर भिंत धनुष्यासारखी वाकते. आणि रंग नेहमी गोंदाच्या आधी. गोंदाचं बोट जरी लाकडाला लागलं तरी तिथे पुढे कुठलाच रंग चढत नाही, ती जागा जन्मभर फिकी राहते. मग भिंतींना आतून आडव्या पट्ट्या, मग कोपरे, मग कुठे छप्पर. दिवसभर तो लोकांच्या कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरीण बाई साचे पाठवायच्या, हा मेणात दात बसवायचा. तिथेही तेच, नव्या दाताला थोडं पिवळं, थोडं झिजलेलं करायचं, म्हणजे तोंडाला तो आपला वाटतो. मेण कोरायचं हत्यार तो घरी छपराच्या फळ्या बसवायला वापरायचा. वापरातलं दिसणं, कुणीतरी तिथे राहिलंय असं वाटणं, हे त्याला जमायचं. म्हणून तर इतकी वर्षं गिरण्या, गोदामं, पूल, कोळशाच्या वखारी बांधून हात बसल्यावर त्यानं आता स्वतःचं घर काढलं होतं. पुढे स्टेशन, मागे स्टेशनमास्तरच्या दोन खोल्या. बांधता बांधता त्याला एकदाही काही विचारावं लागलं नव्हतं. सगळं आठवत होतं.

संध्याकाळी तो पुन्हा टेबलापाशी बसला आणि त्यानं मुद्दाम डोळे मिटले. एखाद्या कागदाची शाई खरी की खोटी बघावी तसं त्याला आज ते बघायचं होतं, आणि तिथेच चुकलं. स्टूल होतं. काच होती, थंड. आणि वास होता. त्या खिडकीला पहिल्यापासून एक वास होता आणि तो नव्या रंगाचा असणार असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. आता त्यानं तो नीट हुंगला. स्पिरिटमध्ये कालवलेली शाई. आणि पांढरा गोंद. कोळशाचा धूर कुठेच नव्हता. ज्या घरात वाळत घातलेल्या चादरी दिवसातून दोनदा झटकाव्या लागायच्या, त्या घराच्या आठवणीत धूर कसा नाही? तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. त्यानं खाली फलाटाकडे बघितलं. आई होती, निळी शाल होती, आणि अलीकडे फलाटावरचं छप्पर होतं. छपराच्या फळ्या दिसत होत्या, एकीवर एक चढलेल्या, कडेची एक फळी किंचित निसटलेली. वरून दिसत होत्या. स्टुलावर उभं राहिलेलं चार वर्षांचं पोर छपराची वरची बाजू कुठून बघेल? तशी ती फक्त टेबलावर वाकलेल्या माणसाला दिसते. त्यानं डोळे उघडले. समोर तेच छप्पर होतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट वर येत गेली. पहिली नोकरी, भाड्याची खोली, खोलीत एक खाट आणि स्टोव्ह. दुकानाच्या काचेत ते खोकं दिसलं होतं. खोक्यावर लाकडी स्टेशनचं चित्र, रुळांकडे पुढे आलेली तीन तावदानांची खिडकी, मास्तरला दोन्हीकडची गाडी दिसावी म्हणून. बघितल्याबरोबर काळजात कसंसंच झालं होतं. अरे, हे तर आपलं, असं वाटलं होतं. वाटलं होतं की वाटून घेतलं होतं? कुठल्या तरी परक्या देशातल्या, कधी न बघितलेल्या स्टेशनचा नमुना होता तो. त्या खोलीत एकटा बसून त्यानं ती चौकट पात्यानं सोडवली आणि भिंतीत बसवली आणि तिच्याआड, नकळत, स्वतःला उभं केलं. पुढे असली किती स्टेशनं बांधली, प्रत्येकाला ती खिडकी. कारखान्याचा नमुना तोच होता. एखाद्याच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसावी आणि त्यानं तीच घालून जन्मभर जेवावं, तसं झालं होतं हे. आणि खिडकी गेली तर खिडकीतून दिसलेलं कसं राहणार? त्याला एकदम आईचा भयंकर राग आला, मग ताईचा आला, मग आपल्या सराईत बोटांचा. त्यानं दिवा बंद केला आणि जेवायला जाऊन बसला. जेवण कसं झालंय असं बायकोनं विचारलं तर तो "हो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी एक कवळी परत पाठवली. रंग चुकला होता. असं त्याच्याकडून होत नसे. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला मागे एकदा आलेली म्हातारी आठवली. तिला समोरच्या दोन दातांत फट हवी होती. माझ्या दातांत होती, म्हणायची. शेजारी बसलेला तिचा नवरा मान हलवत होता, कधीच नव्हती, मी काय आंधळा होतो का? म्हातारी रडकुंडीला आली. त्यानं बाईंना गाठून परवानगी काढली आणि फट केली. म्हातारीनं आरशात बघितलं आणि हसून म्हणाली, "ही मी." त्या दिवशी तो केवढा खुशीत घरी आला होता! आता त्याला वाटलं, ती फट कुणाची असेल? तिच्या बहिणीची? कुठल्या मैत्रिणीची, शेजारणीची? आणि खऱ्या दातांची म्हातारी मग गेली कुठे? त्यानं हातातला दात पुन्हा मेणात दाबला, तो वाकडा बसला, पुन्हा काढला.

असे काही दिवस गेले. टेबलावर त्यानं चादर टाकून ठेवली. घरात ताईशी तो बोलत होता, औषध घेतलंस का, पंखा लावू का, पण ते बोलणं नर्सनं बोलल्यासारखं होतं. बायकोच्या ते लक्षात न येतं तरच नवल. "माहेराला कुलूप का हो लावलंय?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. "भावजयीशी भांडण झालं की बहिणीशी?" तो पेपरात तोंड खुपसून बसला. ताईचे हात मांडीवर स्थिर झाले. ज्यांना दिसत नाही त्यांना असलं सगळं आधी कळतं.

सुट्टीच्या सकाळी तो उठून बाहेर आला तेव्हा ताई टेबलापाशी त्याच्याच खुर्चीत बसली होती. चादर तिनं काढून घडी करून मांडीवर घेतली होती. "मी काय मोडलं ते सांग," ती म्हणाली. "हात लागून काही मोडलं असेल तर सांगावं माणसानं. गाल फुगवून बसायचं वय राहिलं नाही आता."

"काही मोडलं नाहीस."

"मग?"

तो उभाच राहिला. "आई गेली तेव्हा मी त्या खिडकीत होतो," तो म्हणाला. "तिनं माझ्याकडे बघून हात केला. मला बाकी तिचं काही आठवत नाही ताई, तेवढंच आहे. आणि तू म्हणतेस खिडकीच नव्हती. मग मी तिला बघितलं कुठून?"

ताईची मान जराशी वळलेली होती, त्याला डोळ्याच्या कडेत पकडण्यासाठी. "बघितलं नाहीस," ती म्हणाली. "तू झोपला होतास."

त्याला वाटलं होतं की हे ऐकून काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

"लहानपणी तू म्हणायचास, आईनं मला फलाटावरून टाटा केला," ताई म्हणाली. "मी म्हटलं, म्हणू दे. पोराला तेवढं तरी असू दे. खिडकीबिडकीचं मला माहीतच नव्हतं, ती तुझी तू कधी लावलीस देव जाणे. माहीत असतं तर त्या दिवशी बोललेच नसते."

"आता बोललीस ना? मग पुरतं बोल."

"तुला ताप होता. दुपारी तू तिचं बोट धरून झोपलास, हे बोट," ताईनं आपला अंगठा वर केला. "ती तुझ्यापाशी बसली. गाडी आली तरी बसलेलीच. मी सांगायला आले, आई, गाडी आली. ती म्हणाली, हळू बोल, बोट ओढलं तर उठेल. तशीच बसून राहिली. आणि बाहेर बाबा! बाबांना तू ओळखतोस, स्वतःच्या लग्नातसुद्धा घड्याळ बघत उभा राहिलेला माणूस. गार्ड शिट्टी मारतोय, ड्रायव्हर वाकून बघतोय, आणि बाबा हिरवं निशाण गुंडाळून काखेत मारून शांत उभे. गार्ड येऊन विचारायला लागला तेव्हा म्हणाले, सिग्नलची तार अडकलीय. तार कसली अडकतेय! बाबा खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. सगळी गाडी थांबून राहिली चिमण्या, माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती, आणि आत आई बसलेली. किती वेळ ते विचारू नकोस, मला तेव्हा वाटलं होतं की ती आता जाणारच नाही. मग तिनं हळूच अंगठा सोडवला आणि त्याच्या जागी उशीचा कोपरा तुझ्या मुठीत दिला. तू धरलास. घट्ट. मग ती उठली."

दारात काहीतरी हललं. बायको अभ्रे बदलायला निघाली होती, दोन मळके अभ्रे तिच्या हातात होते. ती ऐकत किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं हातातल्या एका अभ्र्याकडे बघितलं, त्याचा एक कोपरा विरून जाळीदार झाला होता. ती नेहमीसारखं काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. तिनं त्या अभ्र्याची नीट घडी केली आणि ती आत गेली.

"खरं सांगतेस?" त्यानं ताईला विचारलं. "की माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी मी पुष्कळ केलं," ताई फणकारली. "शिवणकाम केलं, तुझ्या मास्तरांचे पाय धरले, माझं ठरलेलं लग्न पुढे ढकललं. पण गोष्टी रचायला मला कधीच जमलं नाही. ते तुझं काम." मग तिचा आवाज उतरला. "मलाही तिनं काही टाटा-बिटा केला नाही रे. मला पेटी उचलून द्यायला सांगितली, तेवढंच. ती सगळी तुझ्यापाशीच संपली होती." हे ती इतकं सहज म्हणाली की त्याला तिच्याकडे बघवेना. आजवर तो समजत होता की आपल्याजवळ ताईपेक्षा काहीतरी जास्त आहे. होतं खरंच. फक्त ते त्यानं भलत्याच ठिकाणी शोधलं होतं, आणि ते सगळा वेळ त्याच्या मुठीत होतं. त्यानं उजवा हात उघडून बघितला. शाईचे डाग, गोंदाच्या खपल्या. तो रडला. मोठ्यानं नाही, पण चांगला रडला, आणि ताईनं त्याला अडवलं नाही. मांडीवरची चादर तेवढी पुढे केली.

दुपारी त्यानं खिडकी काढली. ब्रशनं कोमट पाणी सोडत राहिलं की गोंद मऊ पडतो, मग पातं घालून चौकट अलगद उचलायची. तीन तावदानं हातात आली तेव्हा ती फेकायला त्याचं मन होईना, त्यानं ती खिळ्यांच्या डबीत ठेवली. काही झालं तरी ती इतकी वर्षं उभी होती. भिंतीला पडलेलं भोक त्यानं पातळ पट्ट्यांनी बुजवलं आणि इथे त्याच्या हातून नवशिक्याची चूक झाली. एवढी घाई कसली होती कोण जाणे, त्यानं पट्ट्या आधी चिकटवल्या आणि रंग मग लावला. गोंद लाकडात मुरलेला. शाईचे हातावर हात दिले तरी तेवढी जागा फिकीच राहिली, म्हाताऱ्या भिंतीवर नव्या लाकडाचा एक चौकोन. दुसरा कुणी असता तर त्याला त्यानं सगळी भिंत पुन्हा करायला लावली असती. तो थोडा वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला आणि म्हणाला, असू दे.

घराचं छप्पर अजून बसवायचं होतं. छप्पर बसलं की आतलं कुणालाच दिसणार नव्हतं, आणि आजवर कुठल्याच इमारतीच्या आत त्यानं कधी काही ठेवलेलं नव्हतं, आतून नुसत्या आडव्या पट्ट्या आणि अंधार. उरलेल्या काड्यांतून त्यानं एक खाट केली, नखाएवढी. सुईच्या टोकानं गोंद लावून चार पाय बसवले. मेणाचा कण घेऊन कवळीच्या हत्यारानं उशी घडवली आणि तिचा एक कोपरा किंचित चिमटला. मागच्या खोलीत, भिंतीला लावून, खाट ठेवली. मग त्यानं हाक मारली. ताई भिंतीला हात लावत आली आणि त्यानं तिचा हात धरून बिनछपराच्या घरावर आणला.

तिची बोटं आधी रुळांकडच्या भिंतीवर गेली. तिथे ती थांबली, भिंत सलग लागली, पुढे सरकली. मागची खिडकी सापडली. "टाकी इकडे," ती पुटपुटली. मग एक बोट वरून आत उतरलं. सबंध खोलीत तेवढं एकच बोट मावत होतं.

"हे काय? खाट?"

"हो."

"तू आहेस त्यात?"

"नाही. उशी आहे."

बोटानं उशी चाचपली. चिमटलेल्या कोपऱ्यावर ते जरा रेंगाळलं. मग ताईनं मान हलवली. "पण अशी नव्हती. ही तू भिंतीला लावून ठेवलीस. उशी दाराकडे होती, आणि खाट भिंतीपासून सोडून."

"आता चिकटवली गं ताई," तो म्हणाला.

पण गोंद अजून ओला होता. तिनं बोट टेकवून हलकेच रेटलं आणि खाट फिरली, भिंतीपासून सुटून थोडी अलीकडे आली. मध्ये बारीकशी जागा मोकळी झाली. ताईनं बोट त्या जागेत ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

"आता बरोबर," ती म्हणाली. "आता तिला बसता येईल."